साथीदाराची स्वतंत्र रचना



आज आम्ही आपल्यापुढे एका तबकडीविषयी बोलणार आहोत. तिचे नाव 'इन्फिनिट सर्च', म्हणजे 'अंतहीन शोध'. ती 1969 च्या शरदात न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाली आणि 1970 साली लोकांच्या हाती आली. ती ज्याच्या नावावर आहे तो मिरोस्लाव्ह व्हितोउश त्या वेळी अवघा एकवीस वर्षांचा होता. तो प्रागचा, आणि वाजवीत होता डबल बेस. तरुण वादकाने तबकडी काढावी यात नवल ते काय, असे आपण विचाराल. नवल हे की, ज्याचे काम जन्मभर साथ करण्याचे, त्याने आपल्या स्वतःच्या रचना घेऊन पुढे बसावे. साथीदाराला स्वतःचे असे काही सांगावयाचे असते काय, आणि असल्यास ते सांगण्याचा अधिकार त्याला कोठून मिळतो, हा आजचा आमचा प्रश्न आहे.

प्रथम हे वाद्य कसे ते पाहू. डबल बेस म्हणजे माणसाहून उंच, उभ्याने वाजवावयाचे, चार जाड तारांचे खर्जाचे वाद्य. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ते बहुधा गजाने वाजते. जॅझमध्ये बोटांनी तारा छेडतात. पियानो, सॅक्सोफोन, ट्रंपेट यांनी आकाशात भराऱ्या माराव्यात आणि बेसने खाली जमीन धरून ठेवावी, अशी वाटणी फार दिवस चालत आली. लय आणि स्वरांचा पाया ही दोन्ही ओझी त्याच्या खांद्यावर. तो थांबला तर सर्वांना जाणवते. तो वाजत असतो तोवर मात्र त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते! आपल्याकडे सारंगीची स्थिती फारशी निराळी नव्हती. गवयाच्या मागे बसणारे ते वाद्य पंडित रामनारायण यांनी 1956 पासून स्वतंत्र वादनासाठी पुढे आणले, तेव्हा तिच्या पोटात केवढे गाणे दडले होते हे लोकांना उमगले.

आता प्रागच्याच मुलाने हे का करावे? याला दोन कारणे आहेत. पहिले कारण विद्येचे. प्रागचे संगीत विद्यालय 1808 साली स्थापन झाले आणि 1811 पासून तेथे शिकवणी सुरू झाली. डबल बेसची स्वतंत्र शिकवणी तेथे आरंभापासून होती. व्हेन्झेल हाउझे हे तिचे पहिले गुरू. याच विद्यालयात शिकलेल्या, बोहेमियातील ब्लाटना गावी 1840 साली जन्मलेल्या फ्रान्त्स सिमांडल यांनी पुढे व्हिएन्नात बसून बेसवादनाची जी पद्धत लिहिली, ती आजही जगभर शिकविली जाते. डाव्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि करंगळी यांनी तार दाबावयाची; अनामिका करंगळीच्या पाठीशी उभी राहून तिला बळ देते. म्हणजे या वाद्याच्या हातातसुद्धा एक बोट साथीदारच आहे! अशा शिस्तीत प्रागमधील बेसवादकांच्या पिढ्या तयार झाल्या. व्हितोउश लहानपणी प्रथम व्हायोलिन, मग पियानो शिकला आणि बेसकडे वळल्यावर याच विद्यालयात घडला.

दुसरे कारण काळाचे. 1948 साली चेकोस्लोव्हाकियात साम्यवादी राजवट आली आणि जॅझ हे परक्यांचे, भांडवलशाहीचे संगीत ठरले. तरी 1955 पासून रेडिओवर 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वरून विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम रात्री लागे आणि पूर्व युरोपातील कितीतरी मुले कान लावून तो ऐकत. ज्याला गुरू समोर भेटत नाही, तो रेडिओलाच गुरू करतो. साठीच्या दशकात बंधने सैलावली आणि 1964 साली प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सवही भरला. व्हितोउश आपला भाऊ ॲलन आणि पियानोवादक यान हामर यांच्यासह त्रिकूट करून वाजवू लागला. 1966 साली पियानोवादक फ्रीडरिख गुल्डा यांनी व्हिएन्नात भरविलेल्या स्पर्धेत त्याने बेसचे पहिले बक्षीस मिळविले आणि त्या बळावर तो अमेरिकेत बॉस्टनला शिकावयास गेला. दोन वर्षांनी, ऑगस्ट 1968 मध्ये, प्रागच्या रस्त्यांवर रणगाडे आले. घरी परतण्याची वाट त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही.

या पार्श्वभूमीवर ती तबकडी ऐकावी. मूळ तबकडीत सहा रचना आहेत; पैकी एक एडी हॅरिस यांची, बाकीच्या पाच व्हितोउशच्या. सोबतीला हर्बी हॅन्कॉक, जो हेन्डरसन, जॅक डीजॉनेट आणि गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, म्हणजे पुढे आपल्या झाकिर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' हा संच उभारणारे तेच मॅक्लॉफ्लिन. एवढी मोठी मंडळी, पण येथे कोणी राजा नाही आणि कोणी हुजऱ्या नाही. बेस बोलू लागतो तेव्हा गिटार आणि तालवाद्ये त्याची जमीन धरतात. ती बोलू लागली की तो खाली सरतो. पाया हलला तर घर कोसळेल, असा आक्षेप यावर घेता येईल. पण येथे पाया एकाच्या माथी मारलेला नाही, तो सर्वांनी मिळून उचललेला आहे. हा केवळ वादनाचा प्रकार नव्हे. माणसांनी एकत्र कसे वागावे याचाही तो एक विचार आहे.

मात्र या विचाराला किंमत पडते, हेही सांगितले पाहिजे. 1970 साली व्हितोउश, जो झाविनुल आणि वेन शॉर्टर यांनी 'वेदर रिपोर्ट' हा संच काढला. आरंभी तेथे हेच समानतेचे संभाषण होते. पुढे झाविनुल यांना ठसठशीत, पुन्हा पुन्हा येणारा ठेका हवासा वाटू लागला; बेसने मुकाट्याने तो धरावा, असा त्याचा अर्थ झाला. 1973 च्या अखेरीस व्हितोउश बाजूला झाला. संच पुढे फार लोकप्रिय झाला. कोण चुकले? आम्ही म्हणू, कोणीच नाही. पण 2009 आणि 2016 साली व्हितोउशने त्याच संचाच्या आठवणीत दोन तबकड्या काढल्या, त्यावरून आपला मुद्दा त्याने सोडला नव्हता हे दिसते.

त्याच विद्यालयाचा दुसरा विद्यार्थी यिर्झी म्राझ, अमेरिकेत जॉर्ज म्राझ. त्याची वाट निराळी. ऑस्कर पीटरसन, स्टॅन गेट्झ, टॉमी फ्लॅनगन अशांची त्याने वर्षानुवर्षे निष्ठेने साथ केली. पण 2001 साली 'मोराव्हा' ही तबकडी काढताना तो आपल्या देशाच्या मोराव्हिया प्रांतातील लोकगीतांकडे वळला आणि संतूरच्या जातीचे सिंबालोम हे वाद्य त्याने जॅझच्या शेजारी बसविले. एकाने नव्या रचना केल्या, दुसऱ्याने जुन्या गाण्यांत आपला आवाज शोधला. म्राझ 2021 साली प्रागमध्येच निवर्तला.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला असे दिसते. स्वतंत्र बोलण्याचा अधिकार साथ टाकून मिळत नाही, साथ करता करता मिळतो. ज्याने दुसऱ्याचा प्रत्येक स्वर कान देऊन ऐकला आहे, त्याच्या स्वतःच्या रचनेत इतरांनाही जागा सापडते. आपल्या घरांत, कचेऱ्यांत, सभांत खर्ज धरून बसलेली माणसे पुष्कळ असतात. त्यांनाही काही म्हणावयाचे असेल, ही शंका आपल्याला क्वचितच येते. ही तबकडी मिळाल्यास अवश्य ऐका. पहिल्या वेळी वरचे स्वर ऐका आणि दुसऱ्या वेळी फक्त खालचा एक.