तळणीचे तेल आणि घरगुती बायोडिझेल

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



दिवाळीचा फराळ डब्यांत भरून झाला, की कढईत उरलेल्या तेलाचे काय करावे हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. पूर्वी त्यातले थोडे बिजागऱ्यांना, थोडे वहाणांना लागे आणि बाकीचे फोडणीत जिरे. आता ते एक तर पुन्हापुन्हा तापवले जाते किंवा मोरीत ओतले जाते. दोन्ही गोष्टी सारख्याच वाईट. मोरीतले तेल नळात थिजून सांडपाण्याची वाट अडवते. वारंवार तापवलेल्या तेलात अपायकारक ध्रुवीय संयुगे साठत जातात. त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांपुढे गेले की ते तेल खाण्यास अयोग्य, असा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा दंडक 1 जुलै 2018 पासून लागू आहे. त्याच वर्षी 10 ऑगस्टला, जागतिक जैवइंधन दिनी, या प्राधिकरणाने वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची 'रुको' योजना सुरू केली.

तेलावर इंजिन चालते, ही कल्पना काही नवी नव्हे. 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले गेले होते. मग कढईतले तेल गाळून थेट टाकीत का ओतू नये? कारण ते डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असते. इंजेक्टरमधून त्याचा बारीक फवारा होत नाही, ते अर्धवट जळते आणि काजळीचा थर धरते. हा दाटपणा कमी करण्यासाठीच रसायनशास्त्राची मदत घ्यावी लागते. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला जोडलेल्या तीन मेदाम्लांच्या साखळ्या. कॉस्टिक सोड्याच्या उपस्थितीत मिथेनॉल या साखळ्या सोडवून घेते. त्यांचे मिथिल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, तयार होते आणि ग्लिसरीन वेगळे पडते.

आरंभ एका लिटरने करावा, आणि तोही नव्या, न वापरलेल्या तेलाने. हात बसण्यापूर्वीच जुन्या तेलाच्या मागे लागणाऱ्याच्या पदरी बहुधा साबणाचा गोळा पडतो. वापरलेले तेल घ्यायचे तेव्हा ते आधी फडक्यातून गाळावे, दोन दिवस स्थिर ठेवून तळाचे पाणी टाकून द्यावे, मग मंद आचेवर 100 अंशांच्या थोडे वर, बुडबुडे थांबेपर्यंत तापवून पूर्ण कोरडे करावे. पाणी हा या क्रियेचा पहिला शत्रू. दुसरा शत्रू म्हणजे जुन्या तेलातली सुटी मेदाम्ले. ती सोड्याशी संयोग पावून साबण बनवतात, आणि जो सोडा क्रियेला चालना द्यायचा तोच खर्ची पडतो.

म्हणून प्रत्येक तेलाचे आधी अनुमापन करावे लागते. साऱ्या खटाटोपातला हा सर्वांत सुंदर भाग, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली निर्धास्त करण्याजोगा. 1 मिलिलिटर तेल 10 मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलात विरघळवावे. दर्शक म्हणून फिनॉल्फथॅलीन नसेल, तर स्वयंपाकघरातली हळद चालते. अल्कलीच्या स्पर्शाने ती पिवळ्याची तांबडी होते, हे साबणाने धुतलेल्या हळदीच्या डागावर प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. मग 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम कॉस्टिक सोडा या प्रमाणात केलेले द्रावण थेंब थेंब सोडावे. रंग पंधरा सेकंद टिकला की थांबावे. जितके मिलिलिटर लागले, तितके ग्रॅम सोडा दर लिटर तेलामागे अधिक घ्यायचा. नव्या तेलाला 3.5 ग्रॅम लागतात, अनुमापनात 2.5 मिलिलिटर लागले, तर एकूण 6 ग्रॅम. आकडा फारच चढला, तर नवशिक्याने ते तेल बाजूला ठेवावे, हे बरे.

मिथेनॉल हिशेबाने दर लिटरला सुमारे 125 मिलिलिटर पुरेसे असते. पण ही क्रिया उलटही फिरू शकते, म्हणून 200 मिलिलिटर घेतात. त्यात सोडा पूर्ण विरघळवून ते मिश्रण 55 अंश तापमानाच्या तेलात घालायचे आणि तासभर ढवळत राहायचे. भांडे पोलादी व झाकणाचे असावे. ॲल्युमिनियमचे पातेले सोड्याने खाल्ले जाते आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. रात्रभर स्थिर ठेवल्यावर सकाळी तळाशी गडद तपकिरी ग्लिसरीन आणि वर मधासारखे पारदर्शक बायोडिझेल दिसते.

हे दृश्य कितीही मोहक असले, तरी मिथेनॉल हे जहाल विष आहे. विषारी दारूच्या बातम्यांत ज्याने माणसे आंधळी होतात व दगावतात, तेच हे द्रव्य. ते त्वचेतून व श्वासावाटेही शरीरात जाते, 64.7 अंशांना उकळते, आणि त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसतच नाही. त्याच्या खरेदीवर व साठ्यावर परवान्याचे निर्बंध आहेत, ते पाळलेच पाहिजेत. स्वयंपाकघरात, पेटत्या गॅसजवळ किंवा मुलांच्या हाती हे काम कदापि नको. तेल आधी तापवून घ्यावे, आच विझवावी आणि मगच उघड्या जागेत, हातमोजे व चष्मा घालून जाणत्या माणसाने मिथेनॉल हाताळावे. तळाच्या ग्लिसरिनातही मिथेनॉल व सोडा उरलेला असतो. 'घरचा साबण' म्हणून ते हाताला लावू नये.

तयार इंधन कोमट पाण्याने हलक्या हाताने दोन-तीनदा धुवावे व कोरडे करावे. पारख सोपी आहे. 3 मिलिलिटर इंधन 27 मिलिलिटर मिथेनॉलमध्ये घातले असता पूर्ण विरघळले, तर क्रिया पुरी झाली. तळाशी तेल बसले, तर अपुरी. ही पारख झाली म्हणजे भारतीय मानक 15607 ची कसोटी उतरली असे मात्र नव्हे. घरचे इंधन विकता येत नाही, आणि हमीकाळातल्या मोटारीत तर ते घालूच नये. जुन्या पंपसेटात किंवा जनरेटरमध्ये डिझेलसोबत पाचव्या हिश्शापर्यंत मिसळून पाहावे. त्याने टाकीतला जुना गाळ सुटतो, म्हणून पहिल्या दिवसांत फिल्टर वरचेवर पाहावा. नैसर्गिक रबराच्या नळ्या ते फुगवते.

खर्चाचा हिशेब मांडला, तर एकट्या कुटुंबाला यात लाभ नाही. महिन्याला लिटर-दीड लिटर तेल उरणाऱ्या घराने ते बाटलीत साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे, हाच शहाणपणाचा व्यवहार. खरा साठा हलवायांकडे व उपाहारगृहांत असतो. दिवसाला 50 लिटरपेक्षा अधिक तेल वापरणाऱ्यांना वापरलेल्या तेलाची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. तरीही ते तेल स्वस्तात लहान गाडीवाल्यांकडे जाते आणि पुन्हा कुणाच्या तरी ताटात येते. विद्यार्थ्यांनी आपापल्या गल्लीतल्या दुकानात जाऊन 'तुमचे जुने तेल कुठे जाते?' एवढे जरी विचारले, तरी प्रयोगाचा अर्धा भाग झाला.

माळव्यातल्या मंडळींसाठी एक गोष्ट आणखी. पामतेलाचे बायोडिझेल 15 अंशांच्या आसपासच गढूळ होऊन थिजू लागते. सोयाबीनचे शून्याच्या जवळ येईपर्यंत पातळ राहते. इंदूर-उज्जैनकडे जानेवारीतली पहाट 10 अंशांवर येते. तेव्हा बाटल्यांवर तेलाची जात लिहून ठेवावी, आणि पामतेलाचे इंधन होळीपूर्वी वापरायला काढू नये.