औषधाची मात्रा



पिकावर फवारणी करताना पंपात औषध किती घालायचे, हे शेतकरी अंदाजाने ठरवीत नाही. कमी पडले तर कीड मरत नाही, जास्त झाले तर पान करपते. आज ज्या औषधांविषयी बोलायचे आहे त्यांचेही असेच आहे. फक्त तिथे पिकाच्या जागी लहान मूल आहे. कर्करोग झालेल्या मुलाला औषध किती द्यायचे, हे संशोधकांनी कसे ठरविले, ते आज पाहू.

मी अर्थशास्त्राचा अध्यापक, डॉक्टर नव्हे. पण काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका कुटुंबातील सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. शहरात उपचार झाले, रोग हटला आणि घरी द्यायच्या गोळ्या घेऊन ती गावी परतली. पोर हसूखेळू लागली. मात्र गोळ्यांनी मधूनमधून तिचे तोंड येई. आजी म्हणाली, "लेकरू आता बरं झालंय ना? मग एवढं औषध कशाला? निम्मंच द्या." वडील माझ्याकडे सल्ला विचारायला आले. मी म्हटले, "हे डॉक्टरांनाच विचारा." पण तो प्रश्न माझ्या मनातून जाईना, म्हणून मी त्याविषयी वाचू लागलो.

या औषधांचा इतिहास फार जुना नाही. १९४८ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या सोळा मुलांना अमिनोप्टेरिन नावाचे औषध दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी दहा मुलांना उतार पडला. हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातील डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. पण तो उतार काही महिन्यांचाच ठरला. रोग परत आला. औषध सापडले होते. ते किती आणि किती दिवस द्यायचे, हे कळायचे होते.

पहिली अडचण मापाची. मोठ्या माणसाची मात्रा माहीत असेल, तर मुलाची कशी काढायची? तुम्ही म्हणाल, वजनावरून. साठ किलोच्या माणसाला जेवढे, त्याचा तिसरा हिस्सा वीस किलोच्या मुलाला. हिशेब सरळ दिसतो खरा. पण १९५८ साली डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी उंदीर, मूल आणि मोठा माणूस यांना चालणाऱ्या मात्रा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. वजनाने मोजल्या तर त्या जुळत ना. शरीराच्या पृष्ठभागाने, म्हणजे चौरस मीटरने मोजल्या तर बऱ्याच जुळत. आता असं पाहा, वीस किलोच्या मुलाचे वजन मोठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके असले, तरी त्याच्या अंगाचा पृष्ठभाग जवळजवळ निम्मा भरतो. म्हणजे नुसत्या वजनाचा हिशेब धरला, तर मुलाला औषध कमी पडते. म्हणूनच आजही डॉक्टर मुलाची उंची आणि वजन दोन्ही मोजून मात्रा काढतात. अगदी तान्ह्या बाळांचा हिशेब मात्र वेगळा असतो.

दुसरा प्रश्न आमच्या आजीबाईंचाच होता : रोग हटल्यावर निम्मे औषध पुरेल का? पुढे हेच डॉ. पिंकेल मेंफिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात गेले आणि १९६० नंतरच्या दशकात तिथे या प्रश्नाची परीक्षा झाली. रोग हटलेल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाला पूर्ण मात्रा, दुसऱ्याला निम्मी.

चिठ्ठ्या कशाला? आपल्या शेतातली गोष्ट घ्या. काळ्या वाफ्याला नवे खत घातले, मुरमाड वाफ्याला जुने, आणि म्हटले की नवे खत चांगले, कोण मानील? तसेच डॉक्टरांनी धडधाकट मुलांना पूर्ण औषध आणि अशक्त मुलांना निम्मे दिले असते, तर ती तुलना खोटी पडली असती. चिठ्ठ्या टाकण्याची ही रीत मुळात शेतीच्याच प्रयोगांतून पुढे आली. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी ती बसविली.

निकाल १९७१ साली छापला गेला. पूर्ण मात्रेच्या मुलांत रोग अधिक काळ दूर राहिला. रोग हटला म्हणजे गेला, असे नव्हे; डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी शिल्लक असतात, आणि निम्म्या औषधात त्या तग धरतात.

पण म्हणून जास्त औषध म्हणजे चांगले औषध, असेही नाही बरं का! मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगात, ज्याला विल्म्स ट्यूमर म्हणतात, १९८६ पासून अमेरिकेत अशीच तुलना झाली. एक औषध पाच दिवस थोडे थोडे द्यायचे, की एकाच दिवशी, एकूण कमी मात्रेत? गुण सारखाच आला. उलट एकाच दिवशी दिल्याने रक्ताला अपाय कमी झाला आणि खेपाही वाचल्या. तिथे तुलनेनेच औषध कमी केले.

तेव्हा मात्रा मायेने ठरत नाही, भीतीनेही नाही. प्रामाणिक तुलनेने ठरते. आणि त्या तुलनेमागे ज्या आईबापांनी आपले मूल विश्वासाने सोपविले, त्यांचे ऋण पुढच्या प्रत्येक मुलावर आहे. आज साधने चांगली असलेल्या देशांत लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या शंभरांपैकी सुमारे नव्वद मुले वाचतात.

हे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात, आणि त्यांतला पुष्कळसा भाग घरच्या गोळ्यांचा असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, ठरलेल्या गोळ्यांपैकी शंभरात पंचाण्णवांहून कमी घेणाऱ्या मुलांत रोग उलटण्याचा धोका कितीतरी अधिक आढळला. म्हणून पालकहो, तोंड आले, उलट्या झाल्या, तर डॉक्टरांना सांगा. रक्त तपासून ते स्वतः मात्रा कमीजास्त करतील. आपल्या मनाने गोळी मोडू नका. आणि गुरुजी, असे मूल तुमच्या वर्गात असेल, तर त्याला वेगळे बसवू नका. हा रोग लागत नाही. पण त्याला ताप दिसला, तर घंटा होण्याची वाट न पाहता घरी कळवा. अशा मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागते.

त्या मुलीच्या वडिलांनी डॉक्टरांना विचारले. डॉक्टरांनी तोंडाला लावायचे औषध दिले, गोळ्या मात्र पूर्ण ठेवल्या. त्यानंतर आजी स्वतः रोज रात्री गोळ्या मोजून देऊ लागली. माया तीच होती. तिला आता माप मिळाले होते.