शुभ्र रंगाची पारख

पांढरी वस्तु सर्वत्र पांढरीच दिसते, अशी मनुष्याची समजूत असते. घरांतील पिवळ्या दिव्याखालीं धोतर पांढरें दिसतें आणि भरदुपारीं अंगणांतहि तें पांढरेंच दिसतें. वास्तविक या दोन प्रकाशांच्या रंगांत मोठें अंतर आहे. परंतु डोळा व मेंदू मिळून तें नकळत भरून काढतात. डिजिटल कॅमेऱ्यास ही जाण उपजत नसते. ती त्यास द्यावी लागते, आणि तिलाच व्हाइट बॅलन्स अथवा श्वेतसंतुलन म्हणतात.

प्रकाशाचा रंग केल्व्हिन या परिमाणांत मोजतात. मेणबत्तीची ज्योत सुमारें १९००, तारेचा घरगुती दिवा सुमारें २८००, माध्यान्हीचें ऊन सुमारें ५५००, आणि निरभ्र आकाशाखालील सावली ७००० किंवा त्याहूनहि अधिक. आंकडा जसजसा वाढतो, तसतसा प्रकाश तांबूस-पिवळ्याकडून निळ्याकडे झुकतो. म्हणून कॅमेऱ्यांत दिव्याची खूण निवडली, कीं तो चित्रांतील निळा रंग वाढवितो. सावलीची निवडली, कीं तांबडा.

‘ऑटो’ ही खूण निवड यंत्रावरच सोपविते. एरवीं तेवढ्यानें भागतें. परंतु हळदीच्या समारंभांत काय घडतें तें पाहावें. नवरीच्या अंगास हळद, नेसूं पिवळें लुगडें, भोंवतीं झेंडूच्या माळा! चित्राचा बहुतेक भाग पिवळा पाहून यंत्रास पुष्कळदां वाटतें, कीं प्रकाशच पिवळा आहे. तें निळा रंग मिसळतें. हळद फिकी पडते आणि मुखावरचें तेज जातें. कोणता पिवळेपणा दिव्याचा व कोणता हळदीचा, हें यंत्रास मनुष्यानेंच सांगितलें पाहिजे.

उपाय सोपा आहे. विधि सुरू होण्यापूर्वीं पाटाजवळ, त्याच प्रकाशांत, करड्या रंगाचें कार्ड धरून चित्र घ्यावें आणि ‘कस्टम’ योजनेनें त्यावरून संतुलन ठरवावें. मांडवाचें रंगीत कापड प्रकाशास आपला रंग देतें. त्याचाहि हिशेब यांत आपोआप होतो. दिवे बदलले, कीं कार्ड पुन्हां धरावें. चित्र ‘रॉ’ प्रकारांत सांठविल्यास संतुलन मागाहून बदलतां येतें. ‘जेपेग’मध्यें तें चित्रांत मुरून जातें व नंतरची दुरुस्ती अपुरी पडते.

सूर्यास्ताची गोष्ट निराळी. तेथें प्रकाशाचा सोनेरी रंग हाच चित्राचा प्राण असतो. तो पुसून पांढरा करण्यांत अर्थ नाहीं. तेथें उन्हाची खूण ठेवावी.

कार्ड धरण्यास अर्धें मिनिट पुरतें. हळद उतरल्यावर मात्र तो रंग पुन्हां टिपतां येत नाहीं.