शाळेचा पट आणि कापसाची पट्टी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. आम्ही शाळेवर बोलणार आहोत. विषय वेगळा वाटेल, पण पट्टीवरचा हिशेब ज्याला वाचता येत नाही त्याला भाव मिळाला काय आणि न मिळाला काय, सारखेच.

आमच्या गावबैठकांना आता जिल्हा परिषद शाळेतले तरुण गुरुजी येऊ लागले आहेत. त्यातले एक गुरुजी, स्वतः कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, एकदा म्हणाले, "भाऊ, शिक्षणात सुधारणा झाली हे मला कसे कळते? माहिती भरायचा नवा तक्ता आला की कळते." सगळे हसले. मग ते म्हणाले, "माझा सातवीचा पोरगा शेकडेवारीची पुस्तकातली उदाहरणे पटापट सोडवतो. बापाची कापसाची पट्टी हातात दिली की गप्प बसतो." त्यावर मात्र कोणी हसले नाही.

ती पट्टीच घेऊ. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. तो ८ टक्के ओलाव्याचा. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत जेवढा ओलावा जास्त तेवढे टक्के भाव कमी. ओलावा १० टक्के निघाला तर दोन टक्के, म्हणजे १६२ रुपये २० पैसे कटले आणि ७,९४७ रुपये ८० पैसे राहिले. १५ क्विंटल कापसावर ही कपात २,४३३ रुपये होते. एवढे गणित सातवीच्या पोराचे आहे. पण पुस्तकातल्या गणितात दुकानदार घड्याळ विकतो आणि सावकार सरळव्याज घेतो. आपला काटा, आपला ओलावा त्यात कुठेच नाही.

दुसरे उदाहरण. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पऱ्हाटी चार फूट बाय दीड फुटावर लावली तर एका झाडाला सहा चौरस फूट जागा, म्हणजे एकरी ७,२६० झाडे. तिसरे उदाहरण. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. एकराचे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे २५ मिलिमीटर पावसाचे एका एकरावर एक लाख लिटर पाणी झाले. ते वाहून गेले की मुरले, हा प्रश्न पाचवीच्या मुलाने घरी येऊन विचारला तर बापाला उतारावर आडवी पेरणी सुचेल. आम्ही हे कृषी महाविद्यालयात शिकलो. ते गावच्या शाळेत शिकवायला काहीच हरकत नव्हती.

ही मागणी आजची नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल कष्टकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गावर होतो, हे त्यांनी स्पष्ट मांडले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या आणि मोडी, बाळबोध, हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान द्या, असे त्यांनी मागितले. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या कापसाच्या मुलखात, वर्ध्याला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत शिक्षण, मातृभाषेतून, हाताच्या कामाभोवती गुंफलेले, अशी नई तालीम तिथे ठरली. झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. पण सरकारी शाळांत ती मूळ धरू शकली नाही.

का धरू शकली नाही? आमचे मत असे. ज्या धंद्यात पोट भरत नाही त्या धंद्याचे शिक्षण पोराला मिळावे असे कोणत्या बापाला वाटेल? तुम्ही पोराला शाळेत घालता ते त्याने वखर धरावा म्हणून नाही, वखर सुटावा म्हणून. साहेबाच्या पोराला संगणक आणि आपल्या पोराला टकळी, ही वाटणी कोणी मान्य करणार नाही आणि करूही नये.

म्हणून २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाकडेही डोळे उघडे ठेवून पाहा. सहावी ते आठवीत व्यवसायाची ओळख, दप्तराविना दहा दिवस, हे त्यात आहे. चांगले आहे. पण त्या दहा दिवसांत पोरांना नुसते निंदण करायला लावले तर तो वेठबिगार झाला. माती, पाऊस, काटा, पट्टी हे शाळेत शिरायचे दार आहे. दारातून आत गेल्यावर पोराने कुठवर जायचे ते त्याचे त्याने ठरवावे. आणि पैशाचे काय? राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर करा असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. ५४ वर्षांनी नव्या धोरणाने पुन्हा तेच लिहिले.

आता मुख्य धोका. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्य सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला. कागदावर तो सोयीचा दिसतो. गावात त्याचा अर्थ काय? पाच किलोमीटरवर शाळा गेली की मुलगा सायकलने जाईल आणि मुलगी घरी राहील. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. ही लक्ष्मणरेषा आपल्याला पाठ पाहिजे.

पण पट कमी का होतो, हेही आपसात बोलले पाहिजे. ऐपत असलेला घर गहाण टाकून पोराला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो. उरले ते वेचणीच्या दोन महिन्यांत गैरहजर, आणि त्यातही मुली जास्त. मजूर मिळत नाही हे खरे. पण मुलीच्या हजेरीतून वाचवलेली मजुरी ही सगळ्यांत महाग मजुरी आहे.

तेव्हा तीन कामे घेऊन येथून उठा.

एक. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. पुष्कळ गावांत सह्या घरपोच होतात. यापुढे बैठक शाळेतच, आणि शेतावरून परतल्यावरच्या वेळेला लावा.

दोन. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून गुरुजींना दुसरे काम देऊ नये, असे त्याच कायद्याचे २७ वे कलम सांगते. गुरुजी एकटे बोलले तर त्यांच्यावर राग निघेल. गावाने लेखी मागितले तर उत्तर द्यावे लागेल.

तीन. या हंगामात कापूस विकला की पट्टीची एक नक्कल शाळेत द्या. ज्वारीचे वजन, पावसाचे माप, खताच्या पिशवीवरचे आकडे, सगळे द्या. गुरुजी त्यातून गणित शिकवतील. एखाद्या पट्टीतली चूक उद्या आठवीतल्या मुलीने काढली, तर खरेदी केंद्रावरच्या काट्यालाही सरळ उभे राहावे लागेल.