बटणे आपली, नक्षी त्यांची

(महिला मंडळांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पावसाळ्यापासून तुमच्या मंडळांतून आमच्या शिवणवर्गाकडे बटणांचे डबे येत आहेत. कोणी बिस्किटांच्या डब्यात पाठवली, कोणी लोणच्याच्या बरणीत. देवाचे आणि तुमचे आभार. पुष्कळ जणींनी विचारले, "ह्या बटणांचे तुम्ही करता तरी काय?" तोच हिशेब द्यायला मी आज उभी आहे.

डबा आला की पहिले काम निवडण्याचे. गटातल्या बाया तांदूळ निवडायला बसावे तशा सुपात बटणे घेऊन बसतात. शिंपल्याचे बटण गालाला लावले की गार लागते, प्लास्टिकचे तितके लागत नाही. करवंटीचे बटण तपकिरी, रेषारेषांचे असते. लोखंडी बटणे वेगळी काढतो, कारण गंजाचा डाग कापडावरून जात नाही. शिंपल्याची बटणे उकळत्या पाण्यात टाकायची नाहीत, साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवायची. शोभेचे बटणसुद्धा दुहेरी दोऱ्याने लावायचे, मागे गाठ मारायची आणि ओढून बघायचे. लहान बाळांच्या वस्तूंवर मात्र आम्ही बटण लावतच नाही, ते घशात अडकू शकते.

सर्वांत जास्त लागतात ती शर्टाची साधी पांढरी बटणे. आमचा गट डहाणू भागातल्या वारली बायांचा. त्यांच्याकडे गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे लिहितात. गेरूच्या रंगात बुडवलेल्या मांजरपाटावर पांढरे बटण ठेवले की थेट तसेच दिसते. ही युक्ती आम्ही शिकवली नाही. त्यांनीच एका दुपारी कापडावर बटणे मांडून पाहिली. मध्ये तारपा वाजवणारा, तो दोऱ्याने भरलेला, आणि त्याच्याभोवती वळत गेलेली नाचणाऱ्यांची रांग, ती बटणांची. पिशव्या, बटवे, तोरणे, सगळ्यांवर आता ही नक्षी असते.

आता एक अडचणीची गोष्ट सांगते.

गेल्या दिवाळीच्या आधी शहरातल्या एका दुकानाने दोनशे पिशव्यांची मागणी दिली. आगाऊ रक्कम देण्याचीही तयारी होती. सोबत छापील नमुना आला. त्यात लग्नाचा चौक होता, आत पालघट देवी, आणि चौकटीवर बटणे कुठे लावायची त्याच्या खुणा. नमुना हातोहात फिरला आणि सगळ्या गप्प झाल्या. शेवटी एक वयस्क बाई म्हणाल्या, "ताई, चौक लग्नाच्या घरात लिहितात. सवाशिणी लिहितात, धवलेरी गाणी म्हणते. तो बाजाराच्या पिशवीवर नसतो."

सगळ्यांना ते पटले असे नाही. एक तरुण मुलगी तिथल्या तिथे म्हणाली, "भात झोडून झाले की वीटभट्टीवर जावे लागते. ते चुकावे म्हणूनच आपण शिवतो ना?" तिचेही खरे होते. दोन दिवस बोलणे चालले. मग गटाने ठरवले की तारपा, भाताचे शेत, ताडाचे झाड ह्यांपैकी काहीही करून देऊ, चौक नाही. दुकानाने मागणी रद्द केली. त्या वर्षी गटातली दोन घरे वीटभट्टीवर गेली. निर्णय त्यांचा होता आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

ह्यानंतर आपल्याच एका हितचिंतकांनी मला विचारले, "तुम्ही ख्रिस्ती कार्यकर्त्या. त्यांच्या देवीच्या चौकाची एवढी काळजी तुम्हाला कशाला?" प्रश्न सरळ होता. माझे उत्तर बटणांच्याच एका इतिहासातून देते.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हायडा, क्वाक्वाकावाक्व अशा आदिवासी जमाती आहेत. 19 व्या शतकात गोऱ्या व्यापाऱ्यांकडून त्यांना निळ्या लोकरीच्या घोंगड्या, लाल कापड आणि शिंपल्याची बटणे मिळू लागली. माल सगळा परका. पण त्या लोकांनी निळ्या घोंगडीवर लाल कापडातून आपल्या कुळाचे चिन्ह कापून बसवले, कोणाचा गरुड, कोणाचे अस्वल, कोणाचा डोमकावळा, आणि त्याच्या कडेने बटणांच्या ओळी शिवल्या. घोंगडी पांघरून माणूस नाचू लागला की पाठीवरचे चिन्ह उजेडात चमकते. ज्या कुळाचे चिन्ह, त्यानेच ते मिरवायचे. दुसऱ्याने उचलायचे नाही.

ह्या घोंगड्या पॉटलॅच नावाच्या समारंभात पांघरत. कुळात नाव ठेवणे, लग्न, मृत्यू अशा प्रसंगी यजमान पाहुण्यांना बोलावून भरभरून दान देत असे. कॅनडा सरकारने 1885 पासून कायद्याने त्यावर बंदी घातली. ही बंदी यावी म्हणून सरकारी अधिकाऱ्यांबरोबर मिशनऱ्यांनीही आग्रह धरला होता. 1921 साली झालेल्या एका मोठ्या पॉटलॅचनंतर अनेकांना तुरुंगात पाठवले आणि त्यांचे मुखवटे व पवित्र वस्तू जप्त करून संग्रहालयांकडे धाडल्या. बंदी उठली 1951 मध्ये. त्यातल्या बऱ्याच वस्तू पुढे परत आल्या आणि 1980 मध्ये अलर्ट बे येथे त्यांच्यासाठी त्या लोकांचे स्वतःचे केंद्र उघडले. बटणांच्या घोंगड्या आजही शिवल्या जातात.

भगिनींनो, त्या कायद्याला दानाची प्रथा गुन्हा वाटली आणि कुळाचे चिन्ह अज्ञान वाटले. आपल्या दुकानदाराला चौक हा विकायचा नमुना वाटला. एकाने नक्षी हिसकावली, दुसऱ्याने ती मागवली. दोघांनीही ज्यांची ती होती त्यांना विचारले नाही. माझी श्रद्धा वेगळी आहे, ती मी त्या बायांपासून कधी लपवली नाही. पण कुठली गोष्ट विकायची आणि कुठली नाही, हे ठरवण्याचा मान त्यांचा आहे. तो मान मी राखला नाही, तर माझ्या प्रेमाच्या बोलण्यावर त्यांनी विश्वास का ठेवावा?

निर्गमाच्या 35 व्या अध्यायात मंडप उभारण्याची हकिकत आहे. लोकांनी मनापासून सोने, सूत, कातडी आणली. त्याच अध्यायात स्त्रियांनी आपल्या हातांनी सूत कातले आणि बसालेलाला देवाने कसब दिले. आणणाऱ्याची वस्तू हे जसे दान, तसेच कारागिराचे कसब हेही देवाचेच दान. आपण आणणारे आहोत. कसब त्यांच्याकडे आधीपासून आहे.

म्हणून तीन विनंत्या. वापरता येईल अशा कपड्याची बटणे कापू नका, तो कपडा तसाच पाठवा. फाटक्या कपड्याची बटणे काढाल तेव्हा एकसारखी बटणे दोऱ्यात ओवून ठेवा, निवडण्याचा वेळ वाचतो. आणि तिसरी महत्त्वाची: बटणांबरोबर नमुना पाठवू नका. नाताळाच्या विक्रीसाठी पिशव्या हव्या असतील, तर गटाने जे ठरवले ते, त्यांनी सांगितलेल्या भावात घ्या. मागणी दिवाळीच्या आत द्या, म्हणजे वीटभट्टीची उचल घेण्याआधी त्या घरांच्या हातात पैसे पोहोचतील.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो.