मॉनिटर आणाल तर केबलही आणा

माणदेशातल्या दहिवडीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पाठीमागच्या उन्हाळ्यात एक पोरगा मोटरसायकलवरून आला. मागं बसलेल्या वडिलांच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, भजनाची पेटी असावी. गोधडी सोडली तर आत कोराकरकरीत फोर-के मॉनिटर! वडील म्हणाले, "दोन बोकडं गेली ह्यात. आन् गेम लावला की काळं ठिक्कार पडतंय."

पोराची तक्रार अशी होती. एरवी चित्र बरं दिसतं, पण गेममध्ये जाऊन रिझोल्यूशन वाढवलं की दोन सेकंद चित्र, दोन सेकंद अंधार, आणि मध्येच 'नो सिग्नल'. मी मॉनिटर दुकानातल्या मशीनला जोडला, तासभर चालवला. ठणठणीत. विचारलं, "घरची केबल कुठाय?" तर म्हणाला, "ती कशाला आणू काका? केबल तुमच्याकडं असंलच की."

दोष त्या घरी राहिलेल्या केबलमध्येच होता. जुन्या सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल होती ती.

आता केबल ती केबल, त्यात जुनी-नवी काय, असं तुम्ही म्हणाल. थोडा हिशोब करू. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर ठिपके असतात. फोर-केवर ते ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार. बरोबर चौपट. हा सगळा पडदा सेकंदाला साठ वेळा नव्यानं रंगवायचा आणि एकेका ठिपक्याच्या रंगाला २४ बिट लागतात. गुणाकार केला तर सेकंदाला जवळजवळ १२ अब्ज बिट केबलमधून जायला हवेत. २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ ची चित्र वाहून नेण्याची ताकद आठ अब्जांच्या थोडी वर. म्हणून तिथं फोर-के सेकंदाला तीस वेळाच मिळतं. साडेसात एचपीची मोटर बसवून पुढं इंचाचा पाइप जोडला, तर पाणी किती निघेल हे माणदेशातल्या माणसाला मी सांगायला नको.

२०१३ मध्ये एचडीएमआय २.० आलं, त्याची एकूण क्षमता १८ अब्ज. २०१७ च्या २.१ ची ४८ अब्ज. केबल घेताना मात्र हे आकडे शोधत बसू नका. पाकिटावर 'प्रीमियम हाय स्पीड' असेल तर फोर-के साठला चालते, 'अल्ट्रा हाय स्पीड' असेल तर त्याच्याही पुढं. लांबी दीड-दोन मीटर पुरे. पीसी एका खोलीत, टीव्ही दुसऱ्या खोलीत आणि मध्ये भिंतीतून ओढलेली दहा मीटरची स्वस्त केबल, असला उद्योग फोर-केला करू नका. आणखी एक. पीसीच्या डिस्प्ले पोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडं जाणारं छोटं स्वस्त कन्व्हर्टर मिळतं, ते उलट्या बाजूनं लावलं तर चालत नाही. उलटं जोडून 'मॉनिटर मेला' म्हणत आलेले मी पुष्कळ पाहिलेत.

पण दर वेळी केबलच चोर असते असं नाही. म्हणून घरबसल्या करायच्या काही परीक्षा सांगतो. पैसा लागत नाही, पण क्रम सोडू नका.

चित्र बिघडतं तेव्हा पहिल्यांदा मॉनिटरच्या स्वतःच्या बटणानं त्याचा मेनू उघडा, ब्राइटनेस वगैरे असतो तो. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, पीसी नाही. मागचं चित्र थरथरतंय, पण मेनू स्वच्छ, स्थिर दिसतोय, तर पडदा बहुतेक चांगला आहे. मेनूवरही तशीच थरथर किंवा रेषा असतील, तर मॉनिटर दुकानात आणा, पुढच्या परीक्षा करू नका.

मेनू स्वच्छ निघाला, तर रिझोल्यूशन आहे तेच ठेवायचं आणि फक्त रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा रंगवायचा तो आकडा, उतरवायचा. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टीम, मग डिस्प्ले, त्यात खाली अॅडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथं १४४ असेल तर ६० करा, ६० असेल तर ३०. एवढ्यानं अंधार थांबला, तर दोष वाटेत आहे. केबल, कन्व्हर्टर किंवा भोक.

रेट उतरवूनही फरक नाही, तर तो पूर्ववत करा आणि आता गेमची क्वालिटी उतरवा, फ्रेम रेटला ३० ची मर्यादा घाला. रिझोल्यूशनला हात लावू नका. केबलमधून जाणारे ठिपके तेवढेच राहिले, ग्राफिक कार्डाचं काम तेवढं हलकं झालं. आता बरं वाटलं, तर कार्ड तापतंय किंवा त्याला वीज पुरत नाही.

पडद्यावर चौकटी, रंगीत ठिपके, फाटल्यासारखे तुकडे दिसत असतील तर आणखी एक युक्ती. त्याच क्षणी स्क्रीनशॉट घ्या आणि नंतर मोबाइलवर उघडून बघा. ठिपके त्यातही उतरले असतील, तर ते कार्डानं किंवा गेमनं काढलेले आहेत. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल, तर चित्र पीसीतून नीट निघालं आणि वाटेत नासलं. मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून मला पाठवू नका, त्यातून काही कळत नाही.

कार्ड तापण्याचं आपल्याकडं निराळंच आहे. पुण्यातल्या एसी खोलीत कोणी केलेला व्हिडिओ बघून आपण पीसी जोडतो आणि ठेवतो कुठं, तर पत्र्याच्या खोलीत, एप्रिलच्या दुपारी. वर माणदेशचा वारा आणि बारीक धूळ. सहा महिन्यांत पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखा थर बसतो. पीसी बंद करून, वायर काढून ब्रशनं आणि ब्लोअरनं साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याला बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो.

विजेचं सांगताना माझीच एक चूक कबूल करतो. म्हसवडकडच्या एका पोराचा पीसी गेम खेळताना रात्री ठरावीक वेळी काळा पडायचा, पंखे मात्र जोरात सुरू. मी दोन दिवस ठेवून घेतला, काही सापडेना, शेवटी 'कार्ड गेलं' म्हणून मोकळा झालो. त्यानं बिचाऱ्यानं कार्ड बदललं. तरी तेच. मग त्याची आई म्हणाली, "थ्री फेज आली की होतंय बघा." त्यांच्याच डीपीवर आठ-दहा मोटरी. थ्री फेज आली की ऑटो स्टार्टर खटाखट उचलायचे, घरातला बल्ब पिवळा व्हायचा, आणि फोर-केवर पूर्ण ताकदीनं ओढणारं कार्ड त्याच क्षणी कोलमडायचं. माझ्या दुकानात ना मोटरी, ना थ्री फेज. सापडणार कुठून? चांगला एसएमपीएस आणि यूपीएस बसवल्यावर पीसी नीट चालला. नव्या कार्डाचे पैसे मी अर्धे सोसले. तेव्हापासून मी पहिल्यांदा विचारतो, त्या वेळी बल्ब हलतो का? अर्थिंगचंही विचारतो, कारण आपल्या कोरड्या जमिनीत उन्हाळ्यात ते नावालाच उरतं. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं.

'आउट ऑफ रेंज' अशी पाटी येत असेल, तर घाबरू नका. गेमनं मॉनिटरच्या आवाक्याबाहेरचा आकडा मागितला, एवढाच त्याचा अर्थ. ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबा, बरेच गेम खिडकीत येतात. विंडोजमध्येच आकडा चुकला असेल, तर काही न दाबता पंधरा सेकंद थांबा, ते आपोआप मागं येतं. लोक घाईनं काहीतरी दाबतात आणि चुकीचा आकडा कायम करून बसतात. पडदा नुसताच काळा होऊन अडकला, तर विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. पडदा लुकलुकतो, बारीक 'टुक' वाजतं आणि ग्राफिकचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो.

मॉनिटरऐवजी घरचा टीव्ही वापरणारेही खूप आहेत. त्यात चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर टीव्हीच्या मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा. फोर-के असूनही साठऐवजी तीसच मिळत असेल, तर त्या एचडीएमआय भोकासाठी 'एन्हान्स्ड' किंवा 'डीप कलर' असं काहीतरी बंद असतं, ते चालू करा. काही टीव्हींना सगळी भोकं सारख्या ताकदीची नसतात, तेही तपासा. आणि केबल पीसीच्या मदरबोर्डवर नाही, खाली आडव्या बसवलेल्या ग्राफिक कार्डावर लावलीय ना, हे एकदा वाकून बघाच. हसू नका, महिन्यातून एक तरी असा येतो.

आता कार्ड मध्यम असेल आणि फोर-के झेपत नसेल, तर पडद्याचं रिझोल्यूशन फोर-के ठेवून गेममधला 'रिझोल्यूशन स्केल' सत्तर टक्क्यांवर आणा, किंवा डीएलएसएस नाहीतर एफएसआर असेल ते चालू करा. गेम आतल्या आत लहान चित्र काढतो आणि मोठं करून दाखवतो. अक्षरं, नकाशे स्वच्छ राहतात. 'राजी' नावाचा आपल्या पुण्यात तयार झालेला गेम आहे, २०२० साली आलेला. त्यातल्या देवळांचं कोरीवकाम जवळून बघून पूर्ण फोर-के आणि हे मोठं केलेलं चित्र, दोन्हीतला फरक ताडून बघा. मला तरी खेळण्याच्या भरात तो फरक दिसत नाही, पण माझं वय पन्नास.

त्या बोकडवाल्या पोराला नवी केबल दिली. वडिलांनी किंमत विचारली, केबल हातात धरून खालीवर पाहिली आणि म्हणाले, "मंग ह्यो डबा कशाला आणला आपण हितपत्तोर?" तेव्हा श्रोतेहो, दुकानात येताना मॉनिटर गोधडीत गुंडाळा, चादरीत गुंडाळा, काही हरकत नाही. मात्र केबल आणि कन्व्हर्टर घरी ठेवून येऊ नका. आणि शेजारी मोटर कधी सुरू होते, तेही विचारून या.