मावशींची पाठ



पुण्याच्या शनिवार पेठेतल्या एखाद्या वाड्यात आजोबांना पक्षाघात होतो. घरी सोडताना डॉक्टर सांगतात, व्यवसायोपचार चालू ठेवा. म्हणजे शर्टाचं बटण लावणं, घास तोंडाशी नेणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, सगळं पुन्हा शिकायचं. थेरपिस्ट तासभर येऊन जातात. बारा तासांच्या पाळीतले उरलेले अकरा तास आजोबांजवळ असतात रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या मावशी.

व्यवसायोपचाराचं हे शास्त्र आपल्याकडे रुजवलं कमलाताई निंबकरांनी. त्या जन्मानं अमेरिकन. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. आज थेरपिस्टसाठी पदवी आहे, राज्याची परिषद आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं सहायक आरोग्य व्यावसायिकालाही किमान २,००० तासांचं शिक्षण ठरवून दिलं. मावशी यात कुठेच बसत नाहीत.

आणि काम केवढं! सत्तर किलोचं शरीर, अर्धं लुळं. त्याला उठवताना आपले गुडघे त्याच्या गुडघ्यांना टेकवायचे, कमरेशी धरायचं, लुळा हात कधीही ओढायचा नाही. हे मावशींना कुणी शिकवलेलंच नसतं. मग त्या बगलेत हात घालून उचलतात. आजोबांचा खांदा निखळतो, मावशींची कंबर धरते. त्यात वाड्याचा अरुंद, उभा जिना, संडास चौकापलीकडे. कंबर धरली की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात, ब्युरोचं कमिशन मात्र चालूच. मला हा सरळ अन्याय वाटतो.

याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, संघटना उभी केली. तेव्हा कुठे रजा आणि पगारवाढ हे शब्द घराघरांत बोलले जाऊ लागले. मावशी मात्र एकेका घरात, एकेका खाटेशी बारा तास अडकलेल्या. त्यांनी एकमेकींना भेटायचं कधी?

म्हणून सुरुवात घरातूनच करावी लागेल. थेरपिस्ट पहिल्यांदा येतील तेव्हा निम्मा वेळ मावशींना शिकवायला मागून घ्या. पलंग खुर्चीच्या उंचीचा करून घ्या. उचलताना घरातलं दुसरं माणूस हवंच. ब्युरोशी बोलतानाच आठवड्याची पगारी सुट्टी लिहून घ्या, आणि त्या दिवशी आजोबांचं कोण करणार, हे मुला-सुनांनी, लेकी-जावयांनी आधीच ठरवून ठेवावं.